दोनदा विचारलं होतं

१८ मे

आजपासून लिहायचं ठरवलं. कारण साधं आहे, संध्याकाळी कुरकुर ऐकायला कोणीतरी लागतं. व्हर्न होता तेव्हा दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या तऱ्हा मी त्याच्यापुढे ओतायचे आणि तो वर्तमानपत्राआडून "हं" म्हणायचा. त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं. वही "हं" म्हणत नाही, पण घोरतही नाही.

सीझन सुरू व्हायच्या आधीच मोटेलच्या फोनने जीव नकोसा केला आहे. यंदा जो तो गाडी काढून आपलाच देश बघायला निघालाय. विमानाची तिकिटं महाग, विमानतळावरच्या रांगा लांब, शिवाय शेजाऱ्याने गेल्या वर्षी ओसाड माळावरचे फोटो दाखवले म्हणून यांनाही ओसाड माळ हवा. आमच्याकडे माळाला तोटा नाही. साउथ डकोटात दुसरं आहे काय?

आर्डिस म्हणाली, "आपल्याला देश आहे हे या लोकांना अचानक कळलेलं दिसतंय." आर्डिस माझी नणंद, व्हर्नची थोरली बहीण. लग्न केलं नाही, कोणाचं ऐकलं नाही, आणि शहात्तराव्या वर्षीही चादरींच्या घड्या माझ्यापेक्षा भराभर घालते. माझ्या तोंडावर मला मूर्ख म्हणणारी आता तीच एक उरली आहे.

२४ मे, रविवार

रविवारी जेवणानंतर जनेलचा फोन येतो. माझी एकुलती एक मुलगी. ओहायोत डेटनला असते, नवरा कर्टिस, आणि टेसा आणि रीड ही दोन मुलं. आमचं बोलणं ठरलेलं असतं. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, आर्डिसआत्या कोणाशी भांडली. आज मात्र म्हणाली, "आई, यंदा आम्ही बाहेरच्या देशात कुठे जात नाही. पोर्तुगाल रद्द. जुलैत गाडीने यलोस्टोनला जाऊ म्हणतोय. मुलांनी आपलं काहीच बघितलं नाहीये."

उभी होते ती मी खालीच बसले. डेटनहून यलोस्टोनला जायचं तर रस्ता आमच्या दारावरून जातो.

"मग इथे उतराल ना?"

"बघू गं. तुझा सीझन असतो. आमच्यासाठी खोली अडवून ठेवू नकोस."

"अगं, एक खोली ठेवायला काय होतंय?"

"नको नको, आई, खरंच नको. गिऱ्हाईक आलं तर देऊन टाक. आम्ही काय, कुठेही राहू."

मग तिने रीडच्या दातांचं काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.

"नको" म्हणाली म्हणजे नको, असं इथे कोणी धरत नाही. पहिला नको रीतीचा, दुसरा संकोचाचा. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, "बरं, आता एवढं म्हणताच आहात तर." चर्चच्या तळघरात लिंबाच्या वड्यांची ताटली फिरते तेव्हा शेवटची वडी कोणी उचलत नाही. कोणीतरी ती अर्धी करतो, पुढचा त्या अर्ध्याची अर्धी. शेवटी चिमूटभर उरतं आणि ते आर्डिस खाते. जनेल याच तळघरात वाढली.

तिसऱ्यांदा विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण आवाज नीट निघेल याची खात्री वाटेना. पोटच्या मुलीपुढे हात पसरल्यासारखं झालं असतं. तेव्हा तिचा तिसरा होकार मी मनातल्या मनात धरून टाकला आणि जुलैतल्या मधल्या दिवसांसाठी सात नंबरची खोली बाजूला काढली. कोपऱ्यातली आहे, हायवेचा आवाज येत नाही, आणि खिडकीसमोर कॉटनवुडचं झाड आहे.

व्हर्नला पुरल्यानंतर जनेल इथे आलेली नाही. तेव्हाही एकच रात्र राहिली होती.

६ जून

जॉर्जियाचं एक जोडपं आलं होतं. तीनदा पॅरिस झालं, दोनदा रोम झालं, आणि मिसिसिपीच्या या बाजूला आयुष्यात पहिल्यांदा आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाई मला म्हणाली, "तुम्ही किती भाग्यवान, हे आकाश तुम्हाला रोज फुकट मिळतं." मी म्हटलं, "हो, गाराही फुकट मिळतात." ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

न्यू जर्सीहून आलेला एक माणूस सकाळी तक्रार घेऊन उभा. "इथे इतकी शांतता आहे की झोपच लागली नाही. आवाज करणारा एखादा पंखा मिळेल का?" दिला. आज रात्री त्याला झोप लागेल. ज्या शांततेसाठी इतके मैल आला ती पंख्याखाली बुडवून झोपेल.

सगळे मला विचारतात, यलोस्टोनला काय बघायचं? मी सांगते, गरम पाण्याचे झरे सकाळी लवकर बघा, गव्यांच्या जवळ जाऊ नका. गिऱ्हाइकांकडून ऐकलेलंच पुढच्या गिऱ्हाइकांना सांगते. मी स्वतः कधी गेलेले नाही. ते उन्हाळ्यात बघायचं असतं आणि उन्हाळ्यात आमचं मोटेल असतं.

२१ जून

सोळाच्या सोळा खोल्या भरलेल्या, आणि मी सूप उभ्यानेच प्यायले. टेबल मांडावं असं वाटेना. भिंतीपलीकडे, तीन नंबरात, कोणीतरी मुलाला गोष्ट वाचून दाखवत होतं. शब्द कळत नव्हते, नुसता चढउतार ऐकू येत होता. भिंतीला पाठ टेकून ऐकत राहिले. हिवाळ्यात मोटेल रिकामं असतं तेव्हा असं वाटत नाही. तेव्हा एकटं असायला निदान कारण असतं.

आर्डिस म्हणते जनेलला हे मोटेल आवडत नाही. काहीतरीच. आर्डिसला काय कळतंय मुलांतलं! जनेल लहानपणी केवढी चटपटीत होती. वर्गातल्या इतर मुली जूनपासून तळ्यावर जायच्या, ही माझ्याबरोबर खोलीखोलीतून अभ्रे बदलायची. आठ वर्षांची असताना चादरीचा कोपरा असा दुमडायची की गिऱ्हाईक विचारायचं, कोणी केलं हे? कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात आली तेव्हा नेमक्या दोघी कामवाल्या आजारी. मग आठवडाभर तिनेच खोल्या आवरल्या, आणि बिचाऱ्या कर्टिसने संडास घासले. काय मजा आली होती! पुढे मात्र त्यांना उन्हाळ्यात यायला जमलंच नाही. दर वर्षी कुठेतरी लांब जायचं असायचं, समुद्रापलीकडे.

४ जुलै

फटाके. गिऱ्हाइकांनी अंगणात खुर्च्या मांडल्या आणि मलाही बसायला बोलावलं. दोनदा नको म्हटलं. ती माणसं कॅलिफोर्नियाची होती, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. मी आत येऊन टॉवेल मोजले.

१० जुलै

आजपासून सात नंबर बंद. टेसा आणि रीडसाठी दोन घडीचे पलंग आत टाकले, पत्ते ठेवले, आणि खिडकीत झिनियाची फुलं. जनेलने नक्की तारीख सांगितलेली नाही, "मध्यावर केव्हातरी" एवढंच म्हणाली होती. गेल्या रविवारी पुन्हा विचारावं असं मनात आलं होतं. पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आई, तू खोली अडवून ठेवली आहेस ना? मग मला खोटं बोलावं लागलं असतं.

बाकीच्या पंधरा भरल्या की मी "नो" पेटवते. रस्त्यावरच्या पाटीवर "व्हेकन्सी" ही लाल अक्षरं रोजच जळतात. खोल्या भरल्या की त्यांच्या आधीचा "नो" लावायचा, त्याचं बटण वेगळं आहे. मधली कित्येक वर्षं ते दाबायची वेळच येत नसे. व्हर्न म्हणायचा, त्या "नो"मध्ये उंदरांनी घर केलंय, तेवढंच गिऱ्हाईक. यंदा रोज दुपारी चारच्या आत पेटतोय.

"लोक गाड्यांमध्ये झोपताहेत," आर्डिस म्हणाली, "आणि तू बिशप येणार असल्यासारखी खोली बंद करून बसली आहेस."

"जनेल येणार आहे."

"तसं ती म्हणाली?"

"म्हणायला कशाला हवं?"

आर्डिसने माझ्याकडे बघितलं आणि उशी अभ्र्यात अशी कोंबली जशी माझीच मान आहे.

१४ जुलै

दुपारी गारा. लिंबाएवढ्या. आयडाहोचं एक कुटुंब काच फुटलेली गाडी घेऊन दारात आलं, कडेवरचं मूल रडत होतं. पाटी वाचूनही आले होते, बिचारे. मी म्हटलं, सगळ्या भरल्या आहेत हो. ॲप्रनच्या खिशात सात नंबरची किल्ली होती आणि माझी बोटं तिच्यावर होती. त्यांना चादरी धुवायच्या खोलीत बसवलं, कॉफी दिली, मुलाला बिस्किटं दिली. त्या बाईने निघताना माझे इतके आभार मानले की मला तिचा राग आला. पाऊस थांबल्यावर ते पुढे गेले. कुठे जागा मिळाली असेल कोण जाणे.

मी वाईट बाई नाही. पण ते आत असतानाच जनेल आली असती तर?

१६ जुलै

आज मात्र खूप हसले. टेक्सासच्या एका भल्या दांडग्या माणसाने गंभीर चेहऱ्याने विचारलं की इथे शिंगवाले ससे मिळतात म्हणे, ते खरं का. मी म्हटलं, मिळतात, पण पकडायला परवाना लागतो आणि परवाना कोर्टातून काढावा लागतो. तो खिशातून पेन काढून कोर्टाचा पत्ता लिहून घ्यायला लागला. त्याची बायको हसून हसून गाडीवर आडवी झाली आणि मलाही आवरेना. टॉवेलांचा ढीग हातात, चौदा नंबरसमोर उभी राहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. व्हर्न गेल्यापासून अशी हसले नव्हते.

त्याच सुमारास एक निळी व्हॅन आत वळली. पाटीखाली खडीवर उभी राहिली, इंजिन चालूच. ओहायोची नंबरप्लेट. पण जनेलची गाडी रुपेरी आहे, आणि छोटी. शिवाय पोटची मुलगी बाहेर बसून पाटी वाचत बसेल का? ती सरळ दार ढकलून आत येईल. चालवणारीने टोपी घातली होती, ऊन काचेवर होतं, मागे मुलांची डोकी हलत होती. बराच वेळ थांबली. मी टॉवेल ठेवून पुढे जाईपर्यंत ती वळून हायवेकडे निघून गेली होती. पाटीचा "नो" दिवसाउजेडीही चांगला दिसतो. असतात काही लोक, पाटी वाचून समजून घेणारे. आयडाहोवाल्यांपेक्षा बरे.

१९ जुलै, रविवार

फोन आला नाही. प्रवासात असतील. म्हणजे आता जवळच असणार! झिनिया बदलल्या.

२३ जुलै

चादरी न वापरताही धुतल्या. बंद खोलीतल्या चादरींना वास येतो.

२६ जुलै, रविवार

आज फोन आला. मागे भांडी धुतल्याचा आवाज येत होता. जनेल आपल्या स्वयंपाकघरात उभी होती, डेटनला.

"आई, झाली आमची ट्रिप. मुलं अजून त्या झऱ्यांबद्दलच बोलताहेत. आणि तुझ्या मोटेलवरून गेलो ना आम्ही! येतानाचा रस्ता वेगळा घेतला, पण जाताना."

"गेलात?"

"आत वळलो होतो की. पाटीवर 'नो' लागला होता. म्हटलं, वा, आईचं फुल्ल चाललंय. कर्टिस उतरून येतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. तू तिकडे टोकाला टॉवेल घेऊन कोणाशी तरी हसत होतीस. एवढी खूश दिसत होतीस. म्हटलं, कशाला कामात व्यत्यय आणायचा."

"तुमची गाडी तर..."

"भाड्याने व्हॅन घेतली होती. सामान मावेना."

"निळी?"

"हो. का गं?"

"काही नाही."

तिने नळ बंद केल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना, खोली ठेवू नकोस म्हणून. आणि तू नाही ठेवलीस. बरं केलंस, आई. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस." हसत म्हणाली. पण हसणं वरवरचं होतं. आई आहे मी तिची, एवढं कळतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो ना, यंदा सीझन फारच चांगला आहे."

२७ जुलै

सात नंबर मिशिगनच्या एका कुटुंबाला दिली. घडीचे पलंग पाहून त्यांची मुलं नाचायला लागली.

९ ऑगस्ट

मोटरसायकलवाल्यांचा मेळावा सुरू आहे. सगळीकडे चामड्याची जाकिटं आणि दाढ्या. माणसं बाकी गरीब, खोली आवरून जातात. मी दोन आठवडे काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं जे होतं ते लिहवत नव्हतं.

आज चादरी वाळत घालताना आर्डिसला सांगून टाकलं. सगळं. निळी व्हॅन, पाटी, फोन. तिने दातांतला चिमटा काढला.

"तू तिला किती वेळा विचारलंस?"

"दोनदा."

"दोनदा! मार्लिस, दोनदा तर आपण शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही विचारतो."

"ती कितीतरी वर्षं ओहायोत राहते, आर्डिस. तिकडे नको म्हणजे नको असतं. मला वाटलं..."

"माणूस ओहायोत जातं. त्याचा 'नको' इथलाच राहतो." तिने ओली चादर दोरीवर फटकारली. "पोरगी पाटीखाली गाडी उभी करून वाट बघत बसली होती, आई पुढे येते का ते बघत. आणि तू सशांची शिंगं विकत होतीस."

"मला माहीत होतं का ती तीच आहे ते? आणि खोली तर मी ठेवली होती ना! तिच्यासाठीच तर तो 'नो' लावला होता."

"ते तिला सांगितलंस?"

मी पुढची चादर उचलली.

"जा मग तिच्याकडे."

"सीझनमध्ये?"

आर्डिसने टोपली उचलली. चादरीच्या पलीकडे गेली आणि तिथून, तोंड न दाखवता, म्हणाली, "त्या पोरीचे सगळे उन्हाळे या दोरीवर वाळत घातलेत आपण. मीही घातलेत. तू एक उन्हाळा इथे नाही घालवलास तर मोटेल पळून जाणार नाही."

मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. ती खोटं बोलली असती तर बोलले असते.

१८ ऑगस्ट

निघाले. आर्डिस आणि कामवाली रोझॅन मिळून सांभाळतील. आर्डिसने डब्यात लिंबाच्या वड्या दिल्या आणि म्हणाली, "रस्त्यात अर्ध्या करत बसू नकोस, अख्ख्या खा."

जनेलला कळवलेलं नाही. कळवलं असतं तर ती म्हणाली असती, एवढ्या लांब कशाला, आई. आणि मी म्हटलं असतं, खरंच, कशाला.

उन्हाळ्यातलं मिनेसोटा आज पहिल्यांदा पाहिलं. नुसता मका आणि आकाश. विश्रांतीच्या जागी गाड्यांच्या रांगा, कडेला कुटुंबं सँडविच खात बसलेली, नकाशावरून भांडत असलेली. मीही त्यांच्यातलीच एक, पण भांडायला शेजारी कोणी नव्हतं. शेजारच्या सीटवर वड्यांचा डबा होता. त्याला पट्टा लावला, नाहीतर वळणावर घसरतो.

१९ ऑगस्ट, विस्कॉन्सिन

आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून मोटेलमध्ये राहिले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सुट्टीवर निघालात, मॅडम?" मी "हो" म्हटलं आणि शब्द उष्टा असल्यासारखा वाटला.

सकाळी उठून सवयीने पलंगावरच्या चादरी काढल्या, अभ्रे काढले, सगळ्याचा गठ्ठा करून दारात ठेवला, मोरी पुसली, आरसा पुसला. खोली साफ करायला आलेली बाई दारातच उभी राहिली. "तुम्ही आमच्यातल्याच ना हो?" तिने विचारलं. आम्ही दोघी जरा वेळ गुडघ्यांबद्दल बोललो. प्रवासात माझ्याशी एवढं दुसरं कोणी बोललं नाही.

नाश्त्याच्या खोलीत चार-चार माणसांची टेबलं होती. मी काउंटरशी उभ्याने खाल्लं.

२० ऑगस्ट

इंडियाना. गुडघा सुजला आहे. वाटेत दोनदा गाडी बाजूला घेतली आणि परत फिरावं म्हटलं. तिथे जाऊन म्हणायचं काय? खोली ठेवली होती, हे? आता त्याला महिना होऊन गेला. दारात मला बघून तिचा चेहरा पडला तर ते मला सोसणार नाही. जनेलला चेहरा लपवता येत नाही, त्या बाबतीत ती व्हर्नवर गेली आहे.

२१ ऑगस्ट, डेटन

दुपारी पोचले. आधी त्यांच्या घरावरून गाडी नेली. पांढरं घर, दारात दोन सायकली पडलेल्या, रुपेरी गाडी उभी. एक खिडकी उघडी होती आणि पडदा बाहेर आला होता. मी पलीकडे कडेला थांबले. इंजिन बंद केलं नाही. घर भरलेलं दिसत होतं. कोणाचं तरी हसणं ऐकू आलं आणि मला वाटलं, कशाला व्यत्यय आणायचा.

मग वळले, आणि हायवेजवळच्या पेट्रोलपंपामागे मोटेल आहे तिथे खोली घेतली.

पलंगावर बसून किती वेळ फोनकडे बघत होते, आठवत नाही. शेवटी लावला.

"आई? काय झालं? आज रविवार नाहीये."

"काही नाही झालं. मी इथे आलेय."

"इथे म्हणजे?"

"डेटनला. पेट्रोलपंपामागे मोटेल नाही का, तिथे."

"गाडी चालवत? एकटी? सीझनमध्ये?" मग एकदम खालच्या आवाजात, "आई, मोटेल जळलं का?"

"नाही गं. देश बघायला निघालेय. सगळेच निघालेत यंदा."

ती हसली नाही. म्हणाली, "मग मोटेलात कशाला? घरी ये ना राहायला."

"नको नको. खोली घेतलीय मी. बरी आहे, फक्त गादी जरा मऊ आहे."

"वरची खोली आहे आपल्याकडे, आई. मुलं खूश होतील."

"नको गं. शाळा सुरू झाल्या असतील त्यांच्या, तुझी नोकरी, उगाच तुला त्रास."

आणि फोन शांत झाला.

दोन्ही नको मी ठरवून म्हटले नव्हते. शिंक येते तसे ते आले. गेले चार दिवस, सगळा मका आणि सगळं आकाश तुडवत, मी हा एकच प्रश्न ऐकायला आले होते, आणि विचारल्याबरोबर तो परत तिच्या हातात ठेवला. तिलाही मेमध्ये असंच झालं असणार. "नको" म्हणून टाकल्यावर कानाला फोन लावून अशीच थांबली असणार, आई अजून एकदा विचारते का म्हणून. आणि मी तिच्या मुलाच्या दातांबद्दल ऐकून घेतलं होतं.

"बरं," जनेल म्हणाली. आवाज रीतीचा झाला होता. "तुला तिथे बरं वाटत असेल तर राहा. उद्या मग जेवायला..."

"जनेल," मी म्हटलं, "अजून एकदा विचार."

"काय?"

"अजून एकदा विचार ना गं. आणि सात नंबर रिकामी होती. पलंग टाकले होते मुलांचे. कोणालाही दिली नव्हती, तुझ्यासाठीच ठेवली होती. तो 'नो'चा दिवा मी त्यासाठीच लावला होता."

तिने विचारलं नाही. नाक ओढल्यासारखा आवाज आला, मग फोन कशावर तरी ठेवल्याचा, आणि मग लांबून तिचा मोठ्याने ओरडलेला आवाज.

"कर्टिस! वरच्या खोलीतली खोकी काढ! अरे, आत्ता! माझी आई आलीय!"

फोन बंद करायला ती विसरली. मी तो कानाला लावून बसून राहिले. खोकी ओढल्याचा आवाज येत होता, आणि कोणीतरी जिन्यावरून धावत वर जात होतं.